ऑफ मॉन्स्टर्स अँड मेन ऐकायचंय? मग शफल बंद करा

बऱ्याच जणांना हा आइसलँडचा बँड म्हणजे फक्त 'लिटल टॉक्स' एवढंच माहितीये, ते ट्रम्पेट आणि सगळ्यांनी मिळून 'हे!' ओरडणं, बास. गाणं भारीच आहे पण तिथेच थांबलात तर खरी मजा हुकते. मी सांगतो तसं ऐका, आणि लक्ष फक्त एकाच गोष्टीवर ठेवा: बँडचे दोन गायक, नान्ना आणि रग्गी, हे एकमेकांशी कसे गातात.

सुरुवात अल्बमने करूच नका. आधी यूट्यूबवर केईएक्सपी या सिअॅटलच्या रेडिओचं 2010 चं रेकॉर्डिंग शोधा. त्या वर्षी नान्ना 'साँगबर्ड' नावाने एकटीच गायची ते सोडून बँड बनला, रेक्याविकची 'मूसिकतिल्रौनिर' ही नवीन बँड्सची स्पर्धा जिंकली आणि त्यामुळे आइसलँड एअरवेव्ज फेस्टिवलमध्ये चान्स मिळाला, आणि तेव्हाच केईएक्सपीवाल्यांनी दिवाणखान्यात दाटीवाटीने बसवून 'लिटल टॉक्स' रेकॉर्ड केलं. पॉलिश अजिबात नाही, पण दोघांचं गाण्यातलं भांडण (की समजूत घालणं?) इथे सगळ्यात स्वच्छ ऐकू येतं. पुढे अमेरिकेतल्याच फिलाडेल्फियाच्या एका रेडिओ स्टेशनने गाणं लावून धरलं आणि गाडी सुटली ती सुटलीच.

मग पहिला अल्बम, 'माय हेड इज अॅन अॅनिमल'. आइसलँडमध्ये 2011 ला आला, बाहेर 2012 ला, अमेरिकेच्या अल्बम चार्टवर थेट 6 नंबरला. जेमतेम सव्वातीन लाख लोकांच्या देशातल्या पोरांसाठी हे काय असेल बघा! 'डर्टी पॉज'पासून सुरू करा, त्यात मधमाश्या आणि पक्ष्यांचं युद्ध आहे, लहानपणी आजीने सांगितलेल्या गोष्टीसारखं वाटतं. मग 'किंग अँड लायनहार्ट' आणि 'माउंटन साउंड', आणि शेवटचं 'यलो लाइट' हेडफोन लावूनच ऐका, घाई नको.

2015 चा 'बिनीथ द स्किन' पहिल्याच दिवशी आवडेल असं नाही. प्राणीबिणी कमी झालेत, गाणी आतल्या आत वळलीत, आणि नान्ना जास्त एकटी वाटते. 'क्रिस्टल्स' ऐकून लगेच 'ऑर्गन्स' लावा, मग कळेल काय म्हणतोय. हा अमेरिकेत 3 नंबरला गेला, म्हणजे पहिल्याच्याही वर, तरी आपल्याकडे कोणी नाव काढत नाही राव.

'फीवर ड्रीम' (2019) वर जुने फॅन्स चिडले होते, सिंथ (सिंथेसायझरचा इलेक्ट्रॉनिक आवाज) आला म्हणून. मला विचाराल तर 'अॅलिगेटर' आणि 'वॉर्स' दोन्ही गाडीत मोठ्याने लावायची गाणी आहेत, बाकी अल्बम थोडा सपाट आहे, हवं तर पुढे ढकला.

त्यानंतर मोठा गॅप. मध्ये 2023 ला नान्नाचा सोलो 'हाउ टू स्टार्ट अ गार्डन' आला, तो आधी ऐका आणि मगच 2025 चा 'ऑल इज लव्ह अँड पेन इन द माउस परेड' लावा. एकटा आवाज कानात बसलेला असताना 'टेलिव्हिजन लव्ह'मध्ये रग्गीचा आवाज येतो ना, तो फरक शफलवर कधीच कळणार नाही.

आणि हो, गेम ऑफ थ्रोन्सच्या सहाव्या सीझनमध्ये ब्राव्होस शहरातल्या नाटकात वाद्यं वाजवणारी मंडळी हीच आहेत, परत बघाल तेव्हा शोधा.