घाटात खरखर, घरी लायनर

कन्नडहून चाळीसगावकडे घाट उतरताना पिकअपच्या मागच्या उजव्या चाकातून खरखर येऊ लागली. हँडब्रेकही पार वर ओढावा लागत होता. ब्रेकचे लायनर, म्हणजे ब्रेक शूवरचा घासणारा थर, गेले, हे तिथेच कळलं.

रविवारी अंगणात काम काढलं. पुढच्या चाकांना दगड, ॲक्सलखाली स्टँड, हँडब्रेक सोडलेला. तरी ड्रम, म्हणजे चाकाबरोबर फिरणारा ब्रेकचा डबा, निघेना. आत झिजून कड आली होती, आतून ड्रमवर दाबले जाणारे शू तिथेच अडकले होते. मागच्या भोकातून शू आत-बाहेर सरकवणारा ॲडजस्टर सैल केला, तेव्हा कुठे सुटला. आतल्या धुळीवर हवा मारू नका, छातीत जाते. ओल्या फडक्याने पुसा.

खरी डोकेदुखी शू धरून ठेवणाऱ्या स्प्रिंगांची. दोन्ही ड्रम काढले, पण स्प्रिंगा एका वेळी एकाच बाजूच्या सोडल्या. अडलं की दुसऱ्या चाकाकडे बघायचं. शू ढकलणाऱ्या उजव्या व्हील सिलेंडरचं रबर उचललं तर खाली ब्रेक ऑइल! सिलेंडरही बदलला, नाहीतर नवे लायनर भिजलेच असते. शू दोन्ही चाकांचे टाकले, एकाच बाजूचे टाकले तर ब्रेक मारताना गाडी एका बाजूला ओढते. मग ब्रेक ऑइलमधली हवा काढली आणि ड्रम हलकासा घासेल इतपत ॲडजस्टर आवळला.

मे महिन्यातल्या जळगावच्या उन्हात पाठ भाजली, ती वेगळीच.