थिन पूल भरत आला, आत व्हीएम मात्र रिकामी

प्रॉक्समॉक्सवरचा (एकाच यंत्रावर अनेक व्हीएम, म्हणजे आभासी संगणक, चालवणारी प्रणाली) एलव्हीएम-थिन पूल, म्हणजे व्हीएमना लागेल तशी जागा देणारा सामाईक साठा, ९१ टक्के भरलेला, आणि उबंटू व्हीएममध्ये २०० जीबीपैकी जेमतेम ४० जीबी वापरात. आत फाइल पुसली की फाइलसिस्टीम ते ब्लॉक (डिस्कवरच्या जागेचे तुकडे) मोकळे धरते, पण खाली पूलला ते कुणी कळवतच नाही.

हा निरोप म्हणजे डिस्कार्ड. डिस्क व्हर्टआयओ स्कझी कंट्रोलरवर घेतली (एफएसटॅबमध्ये, म्हणजे सुरू होताना जोडायच्या डिस्कच्या यादीत, यूयूआयडी या कायम ओळखीऐवजी व्हीडीए हे कंट्रोलरसोबत बदलणारं नाव लिहिलं असेल तर आधी ते बदला) आणि डिस्कच्या एडिटमध्ये ‘डिस्कार्ड’वर टिक केली. बरेच जण अडकतात ते इथे: आतून रीबूट केल्याने हा बदल लागू होत नाही. व्हीएम पूर्ण शटडाउन करून प्रॉक्समॉक्समधूनच सुरू करायची. मग आत रूट म्हणून ‘एफएसट्रिम -एव्ही’ ही आज्ञा द्यायची, ती मोकळे ब्लॉक खाली कळवते.

त्यावर छापून येणारा आकडा म्हणजे सुटलेली जागा नव्हे. मोकळा म्हणून कळवलेल्या भागाचा तो आकडा. एक्स्ट४ या फाइलसिस्टीमवर लगेच दुसऱ्यांदा चालवलं तर तो शून्याजवळ येतो, घाबरू नका. खरा हिशेब होस्टवर, म्हणजे प्रॉक्समॉक्सच्या मूळ यंत्रावर, ‘एलव्हीएस’ या आज्ञेच्या डेटा टक्क्यात. तो ६३ वर आला. शेजारचा मेटाडेटा (कुठला ब्लॉक कुणाचा याची नोंद) टक्काही बघत जा, तो भरला तरी पूल अडतो.

आकडा हललाच नाही, तर बहुतेक वेळा जुना स्नॅपशॉट (डिस्कची जपून ठेवलेली आधीची स्थिती) ब्लॉक धरून बसलेला असतो; तो काढल्याशिवाय जागा सुटत नाही. आत लक्स एन्क्रिप्शन (डिस्क कूटबद्ध करणं) असेल तर क्रिप्टटॅब या त्याच्या सेटिंग फाइलमध्येही डिस्कार्ड लिहावं लागतं. नंतर ‘एफएसट्रिम टायमर’ चालू ठेवला, तो आठवड्यातून एकदा फिरतो.