जुन्या संगणकावर लिनक्स टाकताय? या चुका टाळा

विंडोज १० ला मायक्रोसॉफ्टकडून मिळणारा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, तेव्हापासून यवतमाळ जिल्ह्यातल्या दारव्हा-दिग्रस भागातल्या माझ्या छोट्या दुकानात लिनक्सची, म्हणजे विंडोजच्या जागी चालणाऱ्या मोफत सिस्टिमची, विचारणा वाढली आहे. येणारी मशीन धडधाकट असतात. जुना आय-थ्री, चार जीबी रॅम, हार्ड डिस्क. विंडोज ११ या प्रोसेसरला दारातच अडवते आणि नवा संगणक घ्यावा तर सोयाबीनचा पैसा कृषी केंद्राच्या उधारीत गेलेला. अशा मशीनला लिनक्स हा खरोखर चांगला उपाय आहे; मी स्वतः तेरा वर्षांपासून रोज तेच वापरतो. म्हणूनच त्याच त्या चुका करून लोक पंधरा दिवसांत "जमत नाही भाऊ, विंडोज टाकून द्या" म्हणत परत येतात, तेव्हा मला वाईट वाटते.

"डी मधलं तं तसंच राहते"

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. आपल्याकडे संगणक विकतानाच दुकानदार हार्ड डिस्कचे सी, डी, ई असे भाग पाडून देतो आणि बजावतो की काही बिघडलं तर फक्त सी उडवायचा, डी मधलं सुरक्षित. विंडोज पुन्हा टाकताना हे बऱ्याचदा खरं ठरतं, म्हणून लोकांच्या डोक्यात ते पक्कं बसलं आहे. लिनक्सच्या इन्स्टॉलरमध्ये 'इरेज डिस्क' हा पर्याय ठळक दिसतो. डिस्क म्हणजे अख्खी डिस्क. सी, डी, ई सगळं त्यात आलं.

मागच्या तुरीच्या हंगामात बी.एस्सी.ला असलेला एक पोरगा आला. म्हणाला, "दादा, लिनक्स मस्त चालून राहिलं, पण डी ड्राइव्ह दिसूनच नाही राहिला." व्हिडिओ पाहून रात्री बारा वाजता त्याने सगळं उरकलं होतं. डी मध्ये वडिलांच्या कापूस खरेदीचे हिशेब आणि मोठ्या बहिणीच्या लग्नाचे फोटो. मी विचारलं, "कधी टाकलं?" तीन दिवस झाले होते. त्या तीन दिवसांत त्याने दोन सिनेमे उतरवले होते, शिवाय सगळे अपडेट.

डिस्क पुसली तरी जुना मजकूर लगेच नाहीसा होत नाही. त्यावर नवीन काही लिहिलं गेलं की तेवढा भाग कायमचा जातो. म्हणजे त्या दोन सिनेमांनी किती फोटो खाल्ले, ते कोणीच सांगू शकत नव्हतं. मी डिस्क काढून दुसऱ्या संगणकाला लावली आणि फोटोरेक लावून दिलं. हा मोफत प्रोग्राम डिस्कचा कोपरा न् कोपरा तपासून फाइली उचलतो. पाचशे जीबीची डिस्क, त्यात मध्येच लाइन जायची. फोटोरेक जिथे थांबलं तिथून पुढे सुरू करता येतं, म्हणून दोन रात्रींत काम झालं. फोटो हजारोंनी निघाले, पण एकालाही नाव नाही, नुसते आकडे. हळदीचे फोटो आले. बिदाईचे जवळजवळ सगळे गेले. हिशेबाची एकच फाइल उघडली. त्याचे वडील दुकानात येऊन बसले आणि एवढंच म्हणाले, "हिशेब तं वहीत आहे घरी. फोटो आणखी निघतीन का?" त्यांना काय सांगावं, मला सुचलं नाही. पुढचा आठवडाभर मी रोज संध्याकाळी बसून त्या आकड्यांच्या ढिगातून लग्नाचे फोटो वेगळे केले.

आणि ती तर हार्ड डिस्क होती. एसएसडी, म्हणजे चिपवाली नवी डिस्क, असती तर ट्रिममुळे (पुसलेली जागा आतून खरोखर रिकामी करण्याची सोय) एवढंही हाती लागलं नसतं.

माझी सवय सांगतो. आधी सगळा डेटा बाहेरच्या डिस्कवर घ्यायचा. मग ती डिस्क दुसऱ्या संगणकाला लावून चार फोटो आणि दोन फाइली उघडून बघायच्या, कारण कॉपी झाली म्हणजे फाइल उघडतेच असं नाही. त्यानंतर केबल काढून ती कपाटात. इन्स्टॉल सुरू असताना ती मशीनला लागलेली नको. परवडत असेल त्याला मी २५६ जीबीची एसएसडी घ्यायला लावतो, लिनक्स तिच्यावर टाकतो आणि जुनी हार्ड डिस्क जशीच्या तशी वर्षभर जपून ठेवायला सांगतो. पार्टिशन सरकवून एकाच डिस्कवर विंडोज आणि लिनक्स दोन्ही बसवता येतं, मलाही येतं. पण ज्याच्याकडे दुसरी प्रत नाही त्याच्या मशीनवर मी ते करत नाही, कितीही घाई असो.

कोणतं टाकायचं, यातच महिना घालवणे

लिनक्सचे पुष्कळ प्रकार आहेत; सोमवारी एक, गुरुवारी दुसरं, रविवारी तिसरं. अशाने हात कशावरच बसत नाही. माझं उत्तर ठरलेलं आहे: चार जीबी रॅम असेल तर लिनक्स मिंट या प्रकाराची एक्सएफसीई ही हलकी आवृत्ती, आठ असेल तर सिनॅमन ही आवृत्ती. मिंट २२ ला २०२९ पर्यंत अपडेट मिळणार आहेत. एकदा टाकलं की सहा महिने बदलायचं नाही.

कॉलेजच्या पोरांना काली लिनक्सच हवं असतं. ते सुरक्षा तपासणाऱ्यांचं अवजार आहे, आणि रोजच्या डेस्कटॉपसाठी ते नाही असं बनवणारेच सांगतात. ज्याला अजून आपली वायफायची सेटिंग सापडत नाही, त्याने त्याच्यामागे लागू नये. आधी मिंटवर फाइल, परवानग्या, टर्मिनल (कमांड लिहायची खिडकी) शिका. ती अवजारं नंतर केव्हाही टाकता येतात.

मशीन ३२ बिटचं असेल तर मिंट २२ चालणार नाही, हे पेनड्राइव्ह बनवण्याआधीच बघा.

मोबाइलच्या नेटवर अर्धवट उतरवलेली फाइल

मिंटची फाइल तीन जीबीच्या आसपास असते आणि रोजचा पॅक दीड जीबीचा. ब्राउझरमधून उतरवताना रेंज गेली की फाइल फाटते, आणि मग इन्स्टॉल अर्ध्यात अडकल्याचा दोष लिनक्सला. टॉरेंटने घ्या. ते जिथे तुटलं तिथून पुढे चालतं आणि प्रत्येक तुकडा तपासून घेतं.

पेनड्राइव्हवरून सुरू केल्यावर लगेच 'इन्स्टॉल' दाबू नका. तसंच चालवून वायफाय, आवाज, प्रिंटर बघा. वायफाय दिसत नसेल तर फोन केबलने जोडून यूएसबी टेदरिंग चालू करा, नेट येतं, मग ड्रायव्हर उतरवता येतो. प्रिंटर एचपी १०२० सारखा असेल तर त्याला एचपीलिप या एचपीच्या ड्रायव्हरचं प्लगइन (जोडीचा भाग) लागतं, कारण चालू झाल्यावर तो आपलं फर्मवेअर, म्हणजे आतला प्रोग्राम, संगणकाकडून घेतो. ते टाकलं नाही तर प्रिंटर यादीत दिसतो पण कागद ओढत नाही.

अंगठ्याचा ठसा घेणाऱ्या (बायोमेट्रिक) मशीनवर ज्याचं पोट आहे त्याने तो एक संगणक विंडोजवरच ठेवावा. लिनक्सचा कितीही पुरस्कर्ता असलो तरी हे मी आधी सांगतो.

मराठी टायपिंग

हा माझा जिव्हाळ्याचा विषय. दहा-पंधरा वर्षं कृतिदेव किंवा श्रीलिपीत टाइप करणारे लोक लिनक्सवर जुनी फाइल उघडतात आणि समोर इंग्रजी अक्षरांचा काला दिसतो. फाइल बिघडलेली नसते. त्या फॉन्टमध्ये इंग्रजी अक्षराच्या जागी मराठी अक्षराचं चित्र बसवलेलं असतं; फॉन्ट नसला की मूळ अक्षर उघडं पडतं. मग कोणीतरी विंडोजमधून फॉन्ट आणून टाकतो, फाइल दिसायला लागते, आणि माणूस पुन्हा त्याच फॉन्टमध्ये नवा अर्ज टाइप करायला बसतो. इथेच घात होतो. तो मजकूर मोबाइलवर वाचता येत नाही, शासनाच्या पोर्टलवर चिकटवता येत नाही, फाइलमध्ये गावाचं नाव शोधलं तर सापडत नाही. जुना फॉन्ट फक्त जुनं वाचण्यापुरता ठेवा. नवीन सगळं युनिकोडमध्ये, म्हणजे मोबाइल-संगणक सगळीकडे चालणाऱ्या प्रमाण पद्धतीत.

आणि इनस्क्रिप्ट हा मराठीचा प्रमाण कीबोर्ड शिका. डाव्या हाताला स्वर, उजव्या हाताला व्यंजनं, रोज पंधरा मिनिटं दिली तर तीन आठवड्यांत बोटं चालतात. इंग्रजी अक्षरांतून मराठी उमटवणारी सोय झटपट वाटते, पण 'शेतकऱ्यांना' लिहिताना लोक 'शेतकर्‍यांना'चे नाना प्रकार करून बघतात आणि शेवटी 'शेतकर्यांना' असंच छापून देतात. इनस्क्रिप्टमध्ये शिफ्टसह जे, मग डी, मग स्लॅश, झालं 'ऱ्य'. ज्या जिल्ह्यात दर दुसऱ्या अर्जात शेतकरी येतो तिथे हा शब्द तरी शुद्ध छापावा.

लिबरऑफिसमध्ये अक्षर मोठं केलं तरी मराठी तेवढंच राहतं, अशी तक्रार आली की मी स्टाइलमधला 'सीटीएल' (देवनागरीसारख्या लिप्यांसाठीचा) फॉन्ट बघायला सांगतो. मराठीचा आकार तिथे वेगळा ठरतो.

घड्याळ आणि सेल

विंडोज आणि लिनक्स दोन्ही ठेवणाऱ्यांचं विंडोजमधलं घड्याळ मागे पडतं, आणि लोक मदरबोर्डचा सेल बदलत बसतात. फरक बरोबर साडेपाच तासांचा असेल तर सेलचा काही दोष नाही: लिनक्स मदरबोर्डवर जागतिक वेळ लिहितं, विंडोज तीच भारतीय वेळ समजतं. लिनक्सला टाइमडेटसीटीएल कमांडने स्थानिक वेळ ठेवायला सांगा. लाइन गेल्यावर दरवेळी तारीखच भलत्या वर्षात जात असेल तर मात्र सेल बदला.

विंडोजचा डी लिनक्समधून उघडतो पण त्यात काही सेव्ह होत नाही? विंडोजचं 'फास्ट स्टार्टअप' बंद करा.

कूलर आणि अपडेट

मे महिन्यात पारा पंचेचाळिसावर, आणि कूलर व संगणक एकाच बोर्डावर. कूलरचा पंप सुरू झाला की व्होल्टेज पडतं आणि मशीन रिस्टार्ट होतं. तेव्हाच अपडेट चालू असेल तर पॅकेजं अर्धवट राहतात. अशा वेळी लिनक्स पुन्हा टाकायची गरज नसते. चालू करताना ॲडव्हान्स्ड ऑप्शन्समधून रिकव्हरी मोड घ्या, यादीतला 'डीपीकेजी' (पॅकेजं दुरुस्त करणारा पर्याय) निवडा, ते अर्धवट काम पूर्ण करतं. टाइमशिफ्ट, म्हणजे सिस्टिमची आधीची स्थिती जपून ठेवणारा प्रोग्राम, आधीपासून चालू ठेवलं असेल तर कालच्या स्थितीवरही जाता येतं.

मी अपडेट सकाळी सहाला करतो. तेव्हा लाइन बहुतेक टिकते, कूलर बंद असतो आणि गावातलं नेटही मोकळं असतं. यूपीएसची बॅटरी दोन वर्षांनी दम सोडते; दिवाळीच्या साफसफाईत संगणक चालू ठेवून प्लग काढून बघतो, पाच मिनिटं टिकला नाही तर बॅटरी बदलतो.