खाडीवरच्या पुलासाठी कमी उत्सर्जनाचं पोलाद: या चुका टाळा

निविदेत नुसतं ‘लो कार्बन स्टील’ लिहिलं की पहिली चूक तिथेच होते. आयएस २०६२ या भारतीय मानकाच्या ई २५० किंवा ई ३५० (आकडा म्हणजे मेगापास्कलमधली ताकद) प्लेटमध्ये कार्बन मुळातच ०.२० ते ०.२३ टक्क्यांच्या आत असतो. ठेकेदाराने कळंबोलीच्या लोखंड बाजारातून साधी प्लेट उचलून दिली तरी अट पूर्ण होते. अट उत्सर्जनाची हवी. केंद्रीय पोलाद मंत्रालयाच्या डिसेंबर २०२४ च्या वर्गवारीनुसार एक टन तयार पोलादामागे कार्बन डायऑक्साइडचं (समतुल्य) उत्सर्जन २.२ टनांच्या आत असेल तरच ते हरित. २.० ते २.२ ला तीन तारे, १.६ ते २.० ला चार, त्याखाली पाच. किती तारे हवेत ते स्पष्ट लिहा. प्रमाणपत्र कोणत्या कारखान्याचं आणि कोणत्या आर्थिक वर्षाचं, हेही तपासा.

प्लेट कापल्यावर हीट नंबर (पोलादाच्या ज्या घाण्यातून ती बनली त्याचा क्रमांक) एकाच तुकड्यावर उरतो आणि बाकीचे तुकडे बेवारस होतात. मग तारेवालं पोलाद कुठल्या गर्डरमध्ये गेलं, हे कुणीच सांगू शकत नाही. कापण्याआधीच प्रत्येक तुकड्यावर नंबर उतरवून घ्या.

ई ३५० घेतलं की वजन आपोआप घटतं, हा समजही महागात पडतो. ताकदीवर ठरणाऱ्या भागात छेद कागदावर २८ टक्क्यांपर्यंत कमी होऊ शकतो. पण ताठपणा दोन्हींचा सारखाच, सुमारे २ लाख मेगापास्कल, आणि वेल्डची थकवा सोसण्याची क्षमताही ग्रेडबरोबर वाढत नाही. सायन-पनवेल महामार्गावर असतात तसल्या लांब गाळ्याच्या पादचारी पुलात बहुधा झुकाव आणि कंपनच निर्णायक ठरतात. तिथे महाग ग्रेडने एक किलोही वाचत नाही. कोणता भाग कशावर ठरतो ते डिझायनरकडून आधी लिहून घ्या.

वेल्डिंग

सर्वांत जास्त लक्ष इथे द्या. कमी उत्सर्जनाचं बरंचसं पोलाद भंगार वितळवून बनतं आणि भंगारातून तांबं, निकेल, क्रोमियम येतं. कार्बन ०.१८, मँगनीज १.४५ टक्के धरलं तर कार्बन इक्विव्हॅलंट (वेल्डला भेग जाण्याचा धोका सांगणारा, सगळ्या मूलद्रव्यांचा एकत्रित आकडा) ०.४२ येतो. त्यात क्रोमियम ०.१०, निकेल ०.१५, तांबं ०.३० मिळवा: आकडा ०.४७ वर जातो, म्हणजे ई ३५० च्या बीआर या उपप्रकाराच्या मर्यादेच्या काठावर. म्हणून मिल सर्टिफिकेटवर (कारखान्याच्या चाचणी दाखल्यावर) फक्त कार्बन बघून पुढे जाऊ नका. सगळी मूलद्रव्यं मागा आणि वेल्डिंगची पद्धत, प्रीहीटसकट (वेल्डआधी प्लेट तापवणं), त्याच रसायनावर मंजूर करा. पावसाळ्यात उघड्या पाकिटातले ७०१८ (कमी हायड्रोजनचे) वेल्डिंग रॉड ओल धरतात. ते ३०० ते ३५० अंशांवर तास-दोन तास भाजून वेल्डरच्या हातात गरमच द्या. जाड जोडांची अल्ट्रासॉनिक तपासणी ४८ तासांनी करा, कारण ओलीतून वेल्डमध्ये शिरलेल्या हायड्रोजनची भेग उशिरा उघडते.

खारी हवा

रंगाचा खर्च टाळायला वेदरिंग स्टील, म्हणजे स्वतःच्या गंजाच्या थरानेच वाचणारं पोलाद, सुचवलं जातं. ऐरोली-वाशीच्या खाडीकाठी ते नको. क्षार आणि सततची ओल यामुळे गंजाचा संरक्षक थर नीट बसतच नाही.

रंगाआधी ब्लास्टिंग (दाबाने कण मारून सफाई) एसए २.५ दर्जाचं, म्हणजे जवळजवळ पूर्ण स्वच्छ; खडबडीतपणा ५० ते ७५ मायक्रॉन. त्यावर झिंक-रिच इपॉक्सी, मधला इपॉक्सी आणि वर पॉलियुरेथेन, एकूण सुमारे ३०० मायक्रॉन. आर्द्रता ८५ टक्क्यांवर असेल किंवा पोलादाचा पृष्ठभाग दवबिंदूपेक्षा ३ अंश गरम नसेल, तर रंगकाम थांबवा. ठाण्यात जून ते सप्टेंबर रंगकामाला चालतील असे दिवस कमीच मिळतात, त्यामुळे हे काम शेडमध्येच उरकणं शहाणपणाचं. प्रायमरआधी पृष्ठभागावरचे क्षार मोजा. नुसतं डोळ्यांनी स्वच्छ दिसणं पुरेसं नाही. चुकलेला रंग पाच वर्षांत पोपडा धरतो, आणि पुन्हा ब्लास्टिंग, मचाण, वाहतूक बंद यात वाचवलेलं उत्सर्जन खर्ची पडतं. ठाणे खाडी २०२२ पासून रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, आहे. जागेवर दुरुस्ती करावीच लागली तर रंगाचा कचरा खाली पडू नये म्हणून ताडपत्रीचा बंदिस्त मांडव निविदेतच मोजून ठेवा.

उभारणीनंतर बोल्टच्या डोक्यांवर आणि साइट वेल्डवर पूर्ण जाडीचा रंग द्या. बेअरिंगजवळ (गर्डर जिथे खांबावर टेकतो), स्टिफनरच्या (गर्डरला ताठ ठेवणाऱ्या पट्टीच्या) कोपऱ्यात पाणी साचत असेल तर निचऱ्याची भोकं ड्रॉइंगमध्येच दाखवा. रंगानंतर गॅसने पाडलेलं भोक म्हणजे गंजाची पहिली जागा.