लिस्टन विरुद्ध फोरमन: निकाल वर्तवताना या चुका टाळा

सनी लिस्टन आणि जॉर्ज फोरमन. दोघेही हेवीवेट जगज्जेते, दोघांचाही दरारा असा की समोरचा बॉक्सर घंटा वाजण्याआधीच निम्मा खचलेला असायचा. त्यांची अधिकृत लढत कधीच झाली नाही, म्हणून ‘झाली असती तर?’ हा वाद अजून रंगतो. रंगायलाच हवा. पण बहुतेकांचा अंदाज पहिल्याच वाक्यात घसरतो: ‘फोरमनचा ठोसा जास्त जड, म्हणजे तोच जिंकणार.’

आधी साल ठरवा

कोणता फोरमन? 22 जानेवारी 1973 रोजी जमैकातल्या किंग्स्टनमध्ये तेव्हाचा जगज्जेता जो फ्रेझर याला दोन फेऱ्यांत सहा वेळा खाली पाडणारा, की 1994 मध्ये वयाच्या 45 व्या वर्षी मायकल मूररला दहाव्या फेरीत आडवा करणारा? दुसरा संथ होता, पण दम राखून लढायला शिकलेला होता. पहिल्याला ती कला अवगत नव्हती, हे 1974 मध्ये किन्शासाला मुहम्मद अलीने आठव्या फेरीत त्याला हरवून दाखवून दिले.

लिस्टनच्या बाबतीत ही चूक जास्त महागात पडते. लोक त्याला 1964 च्या मायामी बीचवरून ओळखतात, जिथे अलीविरुद्ध सातव्या फेरीसाठी तो स्टुलावरून उठलाच नाही. पण सप्टेंबर 1962 ते त्या रात्रीपर्यंत त्याने फक्त दोन लढती खेळल्या होत्या, दोन्ही फ्लॉइड पॅटरसनशी, दोन्ही पहिल्याच फेरीत संपलेल्या. दोन्हींची बेरीज सव्वाचार मिनिटे! एवढ्या भांडवलावर कोणाचा दम टिकेल? खरा लिस्टन पाहायचा तर 1959-60 मधला पाहावा. क्लीव्हलंड विल्यम्ससारख्या जबर ठोसेबाजाला त्याने एकदा तिसऱ्या आणि एकदा दुसऱ्या फेरीत संपवले, झोरा फॉलीला तिसऱ्या फेरीत. तेव्हा तो सतत लढत होता आणि भुकेला होता.

‘याने त्याला हरवले’ हे गणित सोडा

फ्रेझरने 1971 मध्ये अलीला हरवले, फोरमनने फ्रेझरला चिरडले, अलीने फोरमनला हरवले. केन नॉर्टनने मार्च 1973 मध्ये अलीला हरवले, आणि वर्षभराने कराकसमध्ये फोरमनसमोर तोच नॉर्टन दोन फेऱ्याही पुरा पडला नाही. या साखळीतून काहीच सिद्ध होत नाही, कारण शैलीला शैली भिडते. शिवाय लिस्टन आणि फोरमन दोघेही अलीकडून हरले, तेव्हा अलीला मोजपट्टी करूनही उपयोग नाही.

ठोशाचे वजन पाहता, जॅब विसरता

सगळ्यात मोठी चूक ही. लिस्टनचे खरे शस्त्र डाव्या हाताचा जॅब, म्हणजे पुढच्या हाताने मारलेला सरळ ठोसा, होते. उंची सहा फूट एक इंच, पण हातांचा पल्ला 84 इंच. फोरमन त्याच्यापेक्षा उंच, तरी पल्ला लिस्टनचाच जास्त. आणि हा जॅब अंतर मोजण्यापुरता नव्हता. तोच एक ठोसा माणसाची मान मागे फेकायचा.

तरुण फोरमनची पद्धत आठवा. दोन्ही हात पुढे करून तो प्रतिस्पर्ध्याला ढकलायचा, हवे तेवढे अंतर तयार करायचा आणि मग लांबून वळसा घेणारे ठोसे हाणायचा. वाकून आत घुसणाऱ्या फ्रेझरवर हे बिनचूक चालले. पण ज्याचा हात आपल्यापेक्षा लांब आणि पाय रोवलेले, त्याला ढकलायचे कसे? कारकिर्दीच्या सुरुवातीला फोरमनने सरावात लिस्टनशी हात केले होते, आणि आपल्याला मागे रेटणारा माणूस म्हणून त्याने नंतर लिस्टनचेच नाव घेतले. सरावावरून लढतीचा निकाल काढू नये, तरी ही साक्ष मला वजनदार वाटते.

फोरमनचा जॅबही कमकुवत नव्हता, हे मान्य. आणि लिस्टनला त्रास झाला तो पळत राहणाऱ्यांचा. एडी मेचेनने 1960 मध्ये त्याला पूर्ण बारा फेऱ्या खेळवले. फोरमन पळणारा नव्हता. म्हणजे इथे कोणी कोणाचा पाठलाग करणार नाही.

मार खाण्याची ताकदही मोजा

नॉकआउटची टक्केवारी फक्त देण्याची बाजू सांगते. घेण्याची बाजू पाहायची तर 1976 ची फोरमन-रॉन लाइल लढत संपूर्ण पाहा, निवडक तुकडे नव्हे. चौथ्या फेरीत फोरमन दोनदा खाली गेला, उठला आणि पाचवीत जिंकला. जिगर अफाट, पण बचाव उघडा. लिस्टनने 1954 मध्ये मार्टी मार्शलविरुद्ध जबडा मोडलेला असताना आठही फेऱ्या पुऱ्या केल्या. 1965 मध्ये लुइस्टनला अलीच्या ठोशाने तो पहिल्याच फेरीत पडला, त्यावरून त्याच्या मार खाण्याच्या ताकदीचा निवाडा करू नका. तो ठोसा खरा होता की नाही यावरच अजून एकमत नाही.

नियमही ठरवून घ्या. त्या काळी विजेतेपदाची लढत 15 फेऱ्यांची असे. आणि एकाच फेरीत तीन नॉकडाउन झाले, म्हणजे बॉक्सर तीनदा खाली पडला, तर लढत थांबवायची की नाही हेही आधी ठरवा. किंग्स्टनला फ्रेझर पहिल्याच फेरीत तीनदा पडला; तसे थांबवले असते तर लढत तिथेच संपली असती.

1960 चा लिस्टन, 1973 चा फोरमन, 15 फेऱ्या, तीन नॉकडाउनचा नियम नाही. पहिल्या दोन फेऱ्यांत फोरमनचा खालून वर येणारा ठोसा, अपरकट, नीट बसला तर लढत त्याची. तिसरीपासून जॅब त्याचा चेहरा सुजवेल, हात जड होतील, ठोसे आणखी रुंद होतील. माझा कौल लिस्टनला, सहाव्या किंवा सातव्या फेरीत.