जुन्या पिस्तुलावरचे अनोळखी बदल कसे वाचावेत

कधी नळी असायला हवी त्यापेक्षा आखूड निघते. कधी दस्त्याच्या बुडाला कारखान्याने कधीच न बसवलेली कडी असते. हे कुणी केले आणि का, याची नोंद कुठेच नसते. मला अशी पिस्तुले कोऱ्या नगांपेक्षा प्रिय आहेत, कारण त्यांच्यावर वापरणाऱ्याचा हात दिसतो. मात्र तो वाचायला घाई चालत नाही.

सगळ्यात आधी सुरक्षितता. ठासणीची पिस्तुले पिढ्यान्‌पिढ्या भरलेलीच पडून राहतात आणि जुनी दारूसुद्धा पेटू शकते. नळीचे तोंड कुणाकडेही, स्वतःकडेही, न वळवता नळीत लाकडी काडी सरळ आत घाला. जिथे थांबेल तिथे तोंडाशी खूण करा आणि काडी बाहेरून नळीला लावून बघा. ती बत्तीच्या भोकाच्या, म्हणजे दारू पेटवायच्या छिद्राच्या, अलीकडेच अडत असेल, तर आत काहीतरी आहे. हात लावू नका, जाणकाराला बोलवा. रिव्हॉल्व्हर असेल तर काडीने भागत नाही, प्रत्येक खाना तपासून घ्यावा लागतो. आणि आपल्याकडे १९५९ च्या शस्त्र कायद्याची सूट जुन्या शस्त्राला सरसकट नाही. दुरुस्त करूनही चालणार नाही अशाच शस्त्राला ती आहे.

पुढची पायरी म्हणजे मूळ रूप माहीत करून घेणे. १८५१ चे कोल्ट नेव्ही हे रिव्हॉल्व्हर घ्या. सहा गोळ्यांचे, .३६ कॅलिबर, अष्टकोनी नळी साडेसात इंच. समजा तुमच्या हातातली नळी चार इंचांची आहे. मग खाली बघा. गोळी ठासायच्या दांड्याचे टोक ज्या खुंटीत अडकते, ती नळीच्या तोंडाजवळ असते. नळी कापली की ती खुंटीही गेली. दांडाही कापून नवी खुंटी झाळली आहे की दांडा काढूनच टाकला आहे? आणि माशी, म्हणजे नेम धरायला नळीच्या तोंडावर असलेला उंचवटा? ती पुन्हा बसवलीच नसेल, तर मालकाला लांबचा नेम धरायचा नव्हता, पिस्तूल कोटात मावायला हवे होते, हा तर्क पटण्यासारखा आहे. नळी, सांगाडा आणि चापाभोवतीची पट्टी यांवरचे क्रमांकही जुळवून पाहा. न जुळणारा भाग म्हणजे दुसऱ्या पिस्तुलातून आलेला सुटा भाग असू शकतो.

आता बदलाचे वय. टॉर्च अगदी आडवी धरा आणि भिंगातून कापाची कड पाहा. कड हाताच्या घर्षणाने आजूबाजूइतकीच गुळगुळीत झाली असेल आणि तिच्यावर तोच तपकिरी थर चढला असेल, तर काम जुने आहे. कानशीचे ओरखडे धारदार आणि खोबणीत धातू उजळ, तर अलीकडचे.

चकमकीच्या, म्हणजे गारगोटीच्या ठिणगीने दारू पेटवणाऱ्या, पिस्तुलात ही नजर फार उपयोगी पडते. १८२० नंतर टोपीची, म्हणजे आघाताने पेटणाऱ्या छोट्या धातूच्या टोपीची, पद्धत रुळली आणि असंख्य मालकांनी आपले जुने हत्यार गावातल्या कारागिराकडून बदलून घेतले. दारूची वाटी कापली, तिच्या झाकणाच्या स्प्रिंगचे स्क्रू काढले आणि ती भोके बुजवली. घोड्याची यंत्रणा ज्या पट्टीवर बसते, ती आतून पाहिली की बुजवलेल्या भोकांची गोल टिकली अजून वेगळ्या रंगात दिसते. पण सावध राहा. चकमकीच्या पिस्तुलाला भाव जास्त, म्हणून विक्रेते अशा बदललेल्या पिस्तुलाला पुन्हा चकमकीचे ‘मूळ’ रूप देतात. वाटी नवी, भोवतालची पट्टी शंभर वर्षे झिजलेली, असे दिसले की समजा.

दस्त्यावरच्या खाचांना लगेच माणसे मारल्याचा हिशेब म्हणू नका. पकड घट्ट व्हावी म्हणूनही लोक खाचा पाडत. आधी साधी गरज शोधा, रंजक गोष्ट सगळ्यात शेवटी.

आणि काहीही घासू नका, खरवडू नका, ‘पूर्ववत’ करू नका. मोजमापांसह फोटो काढा आणि प्रत्येक बदलासमोर तीनच गोष्टी लिहा: काय केले, केव्हाचे वाटते, कशावरून. कारण सापडले नाही, तर ती जागा कोरी ठेवा. माझ्या वहीतली एक नोंद अशी आहे: ‘दस्त्याला कडी, जुनी, झीज बाकी दस्त्याइतकीच. कारण –’