नवी कादंबरी सुचवताना आधी काय विचारावं

ग्रंथालयाच्या देवघेव खिडकीशी येऊन कुणी "नवीन काहीतरी चांगलं द्या" म्हणालं, की लगेच कपाटाकडे वळू नका. शेवटची आवडलेली कादंबरी कोणती, हे विचारा. त्याहून महत्त्वाचं म्हणजे अर्धवट कोणती सोडली आणि कुठवर वाचून सोडली. पहिल्या ४०-५० पानांतच सोडली असेल, तर बहुधा भाषा जड गेली किंवा सुरुवात संथ होती. मध्यावर सोडली असेल, तर पात्रांची गर्दी झाली किंवा कथानक रेंगाळलं.

मुंबईत आणखी एक प्रश्न हवाच: वाचता कुठे? विरार लोकलमध्ये उभ्यानं वाचणाऱ्याला ६०० पानांचा ठोकळा एका हातात पेलत नाही. त्याला २००-२५० पानांची, छोट्या प्रकरणांची साहसकथा द्या. दादरला पुस्तक मिटलं तरी परतीच्या गाडीत धागा लगेच सापडतो.

प्रेमकथेत अडथळा कुठे आहे ते पाहा. घर, जात, पैसा असा बाहेरचा असेल, तर घटना भरपूर असतात. दोघांच्या स्वभावातला असेल, तर भर संवादांवर असतो. शेवट गोड की कडू एवढं सांगायला हरकत नाही, तो कसा होतो ते मात्र सांगू नका. शृंगार किती मोकळा आहे, हे आधीच सांगावं. पुस्तक अनेकदा भेट म्हणून किंवा घरातल्या मुलांसाठी नेलं जातं.

सगळ्यात जास्त फसगत फँटसीत होते. पहिला भाग नेलेला वाचक पुढच्या भागासाठी वर्षभर ताटकळतो आणि मग त्या प्रकारालाच कंटाळतो. म्हणून मालिका पूर्ण झाली आहे का, सगळे भाग तुमच्या कपाटात आहेत का, हे आधी तपासा. नवख्या वाचकाला एकाच भागात संपणारी, ओळखीच्या जगातून सुरू होणारी कथा द्या. पहिल्याच प्रकरणात दहा अनोळखी नावं आणि तीन राज्यं आली, तर तो तिथंच थांबतो. "मराठीत हे असलं नसतंच" म्हणणाऱ्यांना सांगा, लक्ष्मणशास्त्री हळबे यांची अद्भुतरम्य ‘मुक्तामाला’ १८६१ सालची आहे.

"नवीन" या शब्दावर विसंबू नका. मुखपृष्ठ नवं असतं, आतली कादंबरी जुनी. सुरुवातीच्या पानांवर प्रथमावृत्तीचं साल असतं, ते बघा. अनुवाद असेल तर मूळ पुस्तकाचंही. अनुवाद कसा उतरलाय हे कळायला मधलं एखादं पान उघडून संवाद मोठ्यानं वाचा. बोलताना जीभ अडखळली, तर वाचकही अडखळेल.

सुचवण्यापूर्वी पूर्ण पुस्तक वाचायला वेळ नसेल, तर निदान पहिली ३० पानं आणि मधलं एक प्रकरण वाचाच. मलपृष्ठावरचा मजकूर वाचून दाखवणं म्हणजे सुचवणं नव्हे, तो वाचक स्वतःही वाचू शकतो.

एका वेळी दोनच पुस्तकं पुढे ठेवा: एक त्याच्या आवडीचं, दुसरं त्या आवडीपासून जरासं दूरचं. पाच ठेवलीत तर तो गोंधळतो आणि ओळखीच्या लेखकाचं उचलून निघतो. प्रत्येकाबद्दल तीन वाक्यं पुरेत: गोष्ट कुणाची, ते कशात अडकलेत, आणि कुणाला हे पुस्तक कंटाळवाणं वाटेल. हे तिसरं वाक्य टाळू नका, विश्वास त्यानंच बसतो.

पुस्तक परत आलं की सभासद क्रमांकासमोर वहीत नोंद करा. नुसतं "आवडलं नाही" लिहून पुढचं पुस्तक निवडता येत नाही. कुठल्या पानावर सोडलं ते लिहा.